सीओ-५०

बुधवार, ४ डिसेंबर २०२४. घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता. दुसऱ्या दिवशी आझाद मैदानावर शपथविधी होता, फडणवीसांचं नाव दुपारीच पक्कं झालं होतं, आणि तरी सगळ्या वाहिन्या सत्तावाटपावर घसा कोरडा करत होत्या. सासरे सोफ्यावर, मी ओट्यापाशी डबा भरत. हिवाळ्यात माझी शिफ्ट साडेसहाला सुरू होते. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि चिंचवडमधलं माझं सगळं आयुष्य तासभर पुढे ढकललं जातं.

सव्वापाच वाजले असतील. नंतर हिशोब केला तेव्हा लक्षात आलं, की नेमकं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे पावणेसात वाजत होते. मॅनहॅटनमधल्या हिल्टन हॉटेलच्या दारापाशी ब्रायन थॉम्पसन एकटेच चालत येत होते. गुंतवणूकदारांच्या वार्षिक बैठकीला. मागून आलेल्या माणसानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वय वर्षं ५०. युनायटेड हेल्थकेअर या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या आरोग्यविमा कंपनीचे ते मुख्य कार्यकारी अधिकारी होते.

मी तेव्हा शेपूच्या भाजीला पोळीच्या डब्यातून वेगळं ठेवायला झाकण शोधत होते.

*

मी काय काम करते हे आमच्या नातेवाइकांना अकरा वर्षांत कळलेलं नाही. ‘हॉस्पिटलचं काहीतरी, अमेरिकेचं, रात्रीचं’ एवढ्यावर ते थांबतात. पुढचं विचारलं तर मीच कंटाळते. पण इथे सांगायलाच हवं.

अमेरिकेत पेशंट बरा होऊन घरी गेला, की हॉस्पिटल विमा कंपनीला बिल पाठवतं. ते म्हणजे क्लेम. कंपनी पैसे देते, किंवा थोडे देते, किंवा देत नाही. देत नाही तेव्हा कारण म्हणून एक कोड येतो. तो कोड वाचायचा, कंपनीला फोन लावायचा, ‘का नाही दिलेत’ असं गोड आवाजात विचारायचं, उत्तर सिस्टिममध्ये टाइप करायचं आणि पुढचा क्लेम उघडायचा. हे काम हॉस्पिटलं स्वतः करत बसत नाहीत, बाहेर देतात. बाहेर म्हणजे चेन्नई, हैदराबाद, नवी मुंबई, पुणे. आमच्या भाषेत याला एआर कॉलिंग म्हणतात. मी पहिली चार वर्षं कॉलिंगला होते, मग डिनायलच्या टीमला आले. डिनायल म्हणजे नकार. माझ्या कामाच्या यादीचं नावच ते आहे: डिनायल बकेट. लॉगिन केलं की बादली भरलेली असते.

कोड आता स्वप्नातही येतात. सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी. सीओ-१८ म्हणजे हा क्लेम तुम्ही आधीच पाठवलाय. सीओ-२९ म्हणजे उशीर केलात, मुदत संपली. सीओ-१९७ म्हणजे उपचाराआधी आमची परवानगी घेतली नाही. अक्षरं सीओ असतील तर भुर्दंड हॉस्पिटलचा, पीआर असतील तर पेशंटचा. बाकीचे कोड कारकुनी आहेत; एखादा कागद जोडला, एखादा आकडा सुधारला की सुटतात. सुटत नाही तो सीओ-५०. त्याचा अर्थ: हा उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हता.

नवीन मुलं ट्रेनिंगमध्ये हमखास एक प्रश्न विचारतात. डॉक्टरनं केलंय ना, मग आवश्यक नव्हतं हे कोण ठरवतं? ट्रेनर म्हणतो, पेयर. पेयर म्हणजे पैसे देणारा, म्हणजे विमा कंपनी. मुलं वहीत लिहून घेतात.

आणि हे सगळं झालं उपचार होऊन गेल्यानंतरचं. उपचाराआधीच परवानगी नाकारली, तर तो क्लेम माझ्यापर्यंत येतच नाही. तो माणूस घरी बसलेला असतो. अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे या खुनाच्या दीडएक महिना आधी, अहवाल दिला होता. ज्येष्ठांच्या मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज योजनांमध्ये, हॉस्पिटलातून सुटल्यावर पुनर्वसन केंद्रात ठेवायचं की नाही या विनंत्यांवर युनायटेड हेल्थकेअरच्या नकाराचं प्रमाण २०२० मध्ये १०.९ टक्के होतं, २०२२ मध्ये ते २२.७ टक्के झालं. पक्षाघातानं एक बाजू गेलेल्या, कमरेचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांबद्दलचे हे आकडे आहेत. आमच्या फ्लोअरवर हा अहवाल कुणी वाचला नव्हता. वाचायची गरजही नव्हती.

*

फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही. पेशंटची माहिती पडद्यावर असते, त्यामुळे फोन लॉकरमध्ये, पेन-कागदही बाहेर. म्हणून बातमी आमच्यापर्यंत आली ती पँट्रीतून, ब्रेक संपवून परत येणाऱ्यांच्या तोंडून. आठ वाजले असतील. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बार्शीची एक मुलगी बसते, तेवीस-चोवीसची. ती हेडफोन लावता लावता म्हणाली, “ताई, युनायटेडचा सीईओ उडवला. रस्त्यावर. गोळ्या घालून.”

मी म्हणाले, “काहीतरीच काय!” आणि मग माझ्या तोंडून निघालं ते हे: “मग आज त्यांची लाइन चालू आहे का?”

चालू होती.

माझा ब्रेक साडेनऊला होता. लॉकरमधून फोन काढला आणि बातमी वाचायला घेतली, पण बातमीच्या आधी लोकच दिसले. हजारोंनी. आणि ते हसत होते. कुणी लिहिलं होतं की शोक व्यक्त करायला आधी प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे पूर्वपरवानगी, लागेल. कुणी लिहिलं होतं की माफ करा, माझी सहानुभूती तुमच्या नेटवर्कच्या बाहेरची आहे. छातीत गोळी ही आधीपासूनची व्याधी होती का, याची चौकशी चालू आहे म्हणे. अ‍ॅम्ब्युलन्सची पूर्वपरवानगी घेतली होती का?

मी हसले. खोटं कशाला सांगू. पहिल्या विनोदाला थबकले आणि दुसऱ्याला हसले, समोसा हातात घेऊन, मोठ्यानं. कॉफीच्या मशीनपाशी उभा असलेला मुलगा बघायला लागला, त्याला मी स्क्रीन दाखवली, तोही हसला. आमच्या इमारतीबाहेरच्या टपरीवर हे विनोद कुणाला सांगितले असते तर त्यानं विचारलं असतं, नेटवर्कबाहेर म्हणजे, रेंज नाही का? (नेटवर्क म्हणजे विमा कंपनीशी करार असलेली हॉस्पिटलं आणि डॉक्टर.) पण आम्हाला ते एकदम लागले. कारण ती आमची भाषा होती. रोज रात्री नऊ तास आम्ही ज्या शब्दांत बोलतो, त्या शब्दांत कुणी पहिल्यांदाच विनोद केला होता.

परत येऊन बसल्यावर मात्र ते विनोद डोक्यातून जाईनात. त्यांची रचना काय होती? एक माणूस मेला. त्याच्या बायकोला, दोन मुलांना काय वाटत असेल ते वाटत असेल. त्यावर आपल्याकडे दया मागितली जाते, आणि आपण फॉर्म तपासून म्हणतो: नाही, बसत नाही. म्हणजे अख्ख्या देशानं एका माणसाला सीओ-५० लावला होता. ज्या भाषेनं त्यांना इतकी वर्षं फिरवलं, ती त्यांना पाठ झाली होती, आणि वेळ आली तेव्हा त्यांच्या तोंडून तीच निघाली. हे मला त्या रात्री इतकं नीट सुचलं नव्हतं. त्या रात्री फक्त एवढंच कळलं, की आपण समोसा खात हसलो आणि आता तो वर येतोय.

दुसऱ्या दिवशी आलं की रस्त्यावर सापडलेल्या काडतुसांवर शब्द लिहिलेले होते. त्यातला एक शब्द होता ‘डिनाय’. विमा कंपन्यांवर टीका करणारे लोक कंपन्यांची पद्धत सांगताना तीन शब्द पूर्वीपासून वापरतात: लांबवा, नाकारा, कोर्टात लढवा. मारेकऱ्यानं त्यातला शेवटचा बदलला होता. बार्शीच्या मुलीनं मला विचारलं, “ताई, आपल्या बकेटचंच नाव ना?” मी हो म्हणाले. आम्ही दोघींनी लॉगिन केलं.

*

कंपनीनं फेसबुकवर शोकसंदेश टाकला. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा खच पडला, सत्तर हजारांच्या वर, दुःखाच्या चेहऱ्यांच्या कितीतरी पट. कंपनीला टिप्पण्या बंद कराव्या लागल्या. शनिवारी न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये मारेकऱ्यासारखं दिसण्याची स्पर्धा झाली. सोमवारी, ९ डिसेंबरला, पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावी मॅकडॉनल्ड्समध्ये लुइजी मॅन्जिओनी हा २६ वर्षांचा तरुण पकडला गेला. तर लोकांनी त्या मॅकडॉनल्ड्सलाच खराब रेटिंग द्यायला सुरुवात केली, पोलिसांना कळवलं म्हणून. इकडे मॅनहॅटनच्या खांबांवर इतर कंपन्यांच्या प्रमुखांचे ‘वाँटेड’ पोस्टर लागले. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांनी पत्रकारांपुढे येऊन सांगितलं, की हा नायक नाही. गव्हर्नरला असं सांगावं लागतं म्हणजे बघा.

मॅन्जिओनीनं आरोप नाकारलेत, त्यामुळे त्याच्याबद्दल जपूनच बोलते. पण दोघांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की लोकांनी पहिल्या दिवशी मनात लिहिलेली पटकथा पार उलटी होते. थॉम्पसन आयोवातल्या ज्युएल नावाच्या चिमुकल्या गावचे. वडील धान्याच्या कोठारावर कामाला, आई ब्यूटीपार्लर चालवणारी. शाळेत पहिले आले, सरकारी विद्यापीठात शिकले, अकाउंटंट झाले, चढत चढत वर गेले. २०२३ मध्ये त्यांना वर्षाला सुमारे १ कोटी डॉलर मिळत होते. आरोपी बाल्टिमोरच्या धनाढ्य कुटुंबातला, महागड्या खासगी शाळेतला, तोही शाळेत पहिला. पोलिसांनी नंतर सांगितलं की तो या कंपनीचा ग्राहकही नव्हता. गरिबाघरचा मुलगा कंपनीत मोठा झाला आणि श्रीमंताघरच्या मुलावर त्याच्या खुनाचा आरोप आला. पण पटकथा एकदा ठरली की लोक नट बदलून घेतात, गोष्ट बदलत नाहीत.

तरीही त्या हसण्याला विकृती म्हणून झटकता येईना. मी गेली अकरा वर्षं त्या लोकांच्या फाइली वाचते. कायद्यानं मला कुणाचंही काही उघड करता येत नाही, म्हणून इथे ते सांगणार नाही. पण जे जगजाहीर आहे ते सांगते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पगारवाढीवर निर्बंध आले, तेव्हा माणसं टिकवायला मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. युद्ध संपलं, सोय राहिली. आजही तिथे निम्म्याहून जास्त लोकांचा विमा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की विमा गेला, आणि आजारी माणसाचीच नोकरी आधी जाते. देशाच्या एकूण उत्पन्नाचा १७.६ टक्के वाटा २०२३ मध्ये आरोग्यावर खर्च झाला, आणि त्याच वर्षी २ कोटी ६० लाखांवर लोकांकडे विमाच नव्हता. विमा आहे म्हणजे सुटलो असंही नाही: ओबामांच्या काळात आलेल्या कायद्याखाली जे विमे सरकारी संकेतस्थळावरून विकले जातात, त्यांत २०२३ मध्ये नेटवर्कमधल्या हॉस्पिटलांचेही १९ टक्के क्लेम नाकारले गेले. नाकारलेल्यांपैकी अपील किती जणांनी केलं? शंभरात एकानंही नाही.

हा शेवटचा आकडा मला नेहमी छळतो. कारण अपील केलं तर बरेचदा निर्णय फिरतो, हे आम्हाला माहीत आहे. आमची पोटं त्यावरच चालतात. नकार म्हणजे अंतिम शब्द नसतोच, तो फक्त पहिला शब्द असतो. किती जण दमून गप्प बसतात, यावर पुढचा सगळा हिशोब असतो.

*

आता आमच्या घरची गोष्ट. कंपनीचं आणि हॉस्पिटलचं नाव घेत नाही.

२०२२ मध्ये माझ्या आईचं पित्ताशय काढलं. पुण्यातच, कॅशलेस. ऑपरेशन छान झालं. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर ‘जा घरी’ म्हणाले आणि आम्ही बसलो. बारा वाजले, दोन वाजले. आई साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसलेली. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या मध्यस्थाच्या, काउंटरवर विचारलं की ‘अ‍ॅप्रूव्हल यायचंय’. साडेचारला आलं: नामंजूर. कारण, आईला रक्तदाब होता ही माहिती पॉलिसी घेताना दडवली. कुठून काढलं हे? तर दाखल करताना एका निवासी डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं होतं, रक्तदाब दोन वर्षांपासून. पॉलिसी दीड वर्षाची. आईनं ‘दोनेक वर्षं झाली असतील’ असं म्हटलं होतं, जसं आपण सगळेच म्हणतो. आणि पित्ताच्या खड्यांचा रक्तदाबाशी काय संबंध, ते विचारायचंच नाही.

ज्या बाईला सीओ-५० पाठ आहे, तिनं त्या वेळी काय करायला हवं होतं? शांतपणे नामंजुरीचं पत्र लेखी मागायचं, पॉलिसीतलं कलम विचारायचं, तक्रार क्रमांक घ्यायचा. मी काय केलं? काउंटरवरच्या मुलावर ओरडले. बावीस वर्षांचा असेल, गळ्यात ओळखपत्र, नवीन शर्टाची घडीही मोडली नव्हती. “तुझी आई असती तर?” असं म्हणाले. “लाज वाटत नाही का पगार घ्यायला?” असंही. रांगेतले लोक माझ्या बाजूनं बोलायला लागले, एकानं काउंटरवर हात आपटला. तो मुलगा एकच वाक्य म्हणत राहिला, “मॅडम, माझ्या हातात काही नाही.” खरंच नव्हतं. त्याच्या खिडकीतून फक्त कागद आत-बाहेर जायचे. पण त्या अख्ख्या यंत्रणेत तोंड असलेला तेवढा एकच होता, म्हणून माझं सगळं त्याच्या तोंडावर गेलं.

एवढं सांगते की आवाज चढवताना मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

पैसे आम्ही भरले. पुढे नारायण पेठेत विमा लोकपालांकडे अर्ज केला आणि काही महिन्यांनी बरेचसे परत मिळाले. २०२४ मध्ये आपल्याकडच्या विमा नियामकानं नियम आणलाय, की डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत द्यायची. चांगला नियम आहे. त्या मुलाची माफी मात्र राहिली. वर्षभरानं गेले तर तिथे दुसरीच मुलगी होती.

*

आमची ड्रॉपची कॅब पहाटे पाचच्या सुमाराला चिंचवडात शिरते ती चापेकर चौकातून. तिन्ही भावांचे पुतळे पिवळ्या दिव्यात उभे असतात. त्या आठवड्यात एका पहाटे नांदेडचा मुलगा, जो एरवी बसल्या बसल्या झोपतो, खिडकीतून पुतळ्यांकडे बघत म्हणाला, “मॅडम, यांनी पण तेच केलं की.”

कॅबमधले सगळे जागे झाले.

पुण्यात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. १८९७. प्लेग. घरोघर घुसणारे गोरे सोल्जर, देवघरापर्यंत बूट, बायाबापड्यांची चारचौघांत तपासणी. प्लेगचा अधिकारी वॉल्टर रँड. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा करून गणेशखिंडीतून परतताना त्याला गोळी घातली. ‘गोंद्या आला रे’ ही खूण चौथीतल्या पोरालाही ठाऊक. रँडही, म्हटलं तर, आरोग्य खात्याचाच साहेब. त्या मुलाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं.

मी म्हणाले, तिथे मत द्यायची सोय होती रे. पुण्यातल्या माणसाला १८९७ मध्ये रँडला पाडायचा कुठला मार्ग होता? टिळकांनी नुसतं लिहिलं तर दीड वर्षाची शिक्षा झाली. अमेरिकेत याच लोकांनी ५ नोव्हेंबरला, महिनाभर आधी, मतदान केलं होतं. त्या प्रचारात विमा कंपन्यांबद्दल कोण किती बोललं? सप्टेंबरच्या वादसभेत ट्रम्पना आरोग्य योजनेबद्दल विचारलं, तर ते म्हणाले की आपल्याकडे योजनेची कल्पना आहे. झालं. हॅरिस यांनीही हा विषय फारसा लावून धरला नाही. ज्या विषयावर हजारो लोक एका मेलेल्या माणसाला हसू शकतात, तो विषय मतपत्रिकेवर चढतच नाही. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि ज्यांना सापडलंय असं वाटतं त्यांचं मला पटत नाही.

मुलगा म्हणाला, “पण मॅडम, मतदान करून तरी काय होतं?” त्यावर ड्रायव्हर हसला. तो विधानसभेला तीन तास रांगेत उभा होता.

मला मात्र त्या पहाटे आठवत होता आयर्स्ट. रँडच्या मागच्या गाडीत बसलेला लेफ्टनंट. तोही त्या रात्री मारला गेला, जागच्या जागी. रँड तर पुढे अकरा दिवस जिवंत होता. आयर्स्टचा प्लेगच्या बंदोबस्ताशी काही संबंध होता की नव्हता, हे चौकातून जाणाऱ्या कुणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं. पुतळ्याला नमस्कार करताना मागच्या गाडीकडे कोण बघतं?

(सासऱ्यांना हे सांगितलं तर ते भडकले. “चापेकरांची तुलना कुणाशी करतेस?” मी करत नव्हते, नांदेडचा मुलगा करत होता. पण रागावायला समोर मी होते.)

*

पुढचं थोडक्यात. एका दुसऱ्या विमा कंपनीनं, अँथमनं, भूल द्यायच्या वेळेवर मर्यादा घालायचं ठरवलं होतं. त्या मर्यादेपलीकडच्या वेळेचे पैसे मिळणार नव्हते. खुनाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो बेत मागे घेतला. लगेच आरोळी उठली, बघा, गोळीनं काम झालं. खरं तर भूलतज्ज्ञांची संघटना नोव्हेंबरपासूनच त्यावर भांडत होती, न्यूयॉर्कच्या गव्हर्नरबाईही मध्ये पडल्या होत्या. पण अर्ज-विनंत्यांची बातमी होत नाही. युनायटेड हेल्थकेअरच्या मूळ कंपनीचे प्रमुख अँड्र्यू विटी यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून कबूल केलं, की आज जी व्यवस्था आहे तशी कुणी मुद्दाम आखली नसती. मे २०२५ मध्ये ते पदावरून गेले. डिसेंबरातल्या एका जनमत चाचणीत ६८ टक्के लोकांनी हे कृत्य अमान्य असल्याचं सांगितलं. म्हणजे बहुसंख्य हसत नव्हते, हेही नोंदवायला हवं. पण तिशीच्या आतले मान्य-अमान्यात जवळपास निम्मे निम्मे होते. त्या वयाची मुलं माझ्या टीममध्ये आहेत. ती खुनी नाहीत. शुक्रवारी पाणीपुरीचे पैसे वाटून घेतात.

आमच्या बादलीत काही फरक पडला का, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं. नाही पडला. सीओ-५० येत राहिले.

*

त्याच आठवड्यातला शुक्रवार, ६ डिसेंबर. रात्रीचा दीड वाजला होता, तिकडे दुपारचे तीन. मी एका विमा कंपनीला फोन लावला होता. ती वेगळीच कंपनी, जिचं डिसेंबरातल्या बातम्यांत नावही नव्हतं. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक बाई आली. फोनवर माझं नाव नॅन्सी आहे. तिनं तिचं नाव काहीतरी तितकंच अमेरिकन सांगितलं. उच्चारावरून ती मनिलाची वाटली. म्हणजे मी पुण्यात, ती फिलिपिन्समध्ये, दोघींची नावं खोटी, आणि आम्ही बोलत होतो तो पेशंट तिसऱ्याच देशात.

क्लेम पुनर्वसनाचा होता. सीओ-५०. मी ठरलेले प्रश्न विचारले. निर्णय कुणी घेतला? मेडिकल डायरेक्टरनं. त्यांचं नाव? ती माहिती माझ्याकडे नाही. कोणत्या निकषावर? पत्रात आहे. पत्र आलेलं नाही. पुन्हा पाठवण्याची विनंती टाकते, सात ते दहा दिवस. डॉक्टरशी डॉक्टरनं बोलायची मुदत? काल संपली. अपीलाचा पत्ता? तो तिनं सांगितला, पोस्ट बॉक्स, मी टाइप केला. अकरा वर्षांत हे संभाषण मी किती हजार वेळा केलं असेल. ना ती कधी चिडते, ना मी. चिडून उपयोग नसतो हे दोघींनाही माहीत, शिवाय कॉल रेकॉर्ड होतो.

मग सिस्टिम लोड होत असताना ती मध्येच म्हणाली, की आज लोक फार वाईट बोलतायत. सकाळपासून तिघांनी मला सांगितलं, पुढचा नंबर तुझा.

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. तिच्या आवाजात रडण्याबिडण्याचं काही नव्हतं, नुसतं सांगितल्यासारखं सांगितलं. काय बोलावं मला कळेना. मला टीपीएच्या काउंटरवरचा तो नवीन शर्ट आठवला. आणि ज्यांनी तिला ते ऐकवलं त्यांचीही तोंडं दिसली, कारण त्यांच्यातलं एखादं माझ्या पडद्यावर उघडं होतं: वय, निदान, किती दिवस मागितले होते, किती दिले, शून्य.

मी म्हणाले, काळजी घे.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे तिच्या फ्लोअरचा गलका ऐकू येत होता, अगदी आमच्या फ्लोअरसारखा. मग म्हणाली, “थँक यू, नॅन्सी. या कॉलचा रेफरन्स नंबर देऊ का?”

हो म्हणाले. बारा आकडे होते. मी दोनदा वाचून दाखवले.